फास्टर फेणे, लंपन आणि माझी पाल

मुलांची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची असते आणि मुलांसाठी लिहिलेली कविता सगळ्यात आधी मुलांपुढेच म्हणायची असते, हे मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटते, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू हे सगळं कसं होत गेलं ते.

मी कराडची, बँकेत नोकरी, रविवार तेवढा मोकळा. आमच्या भागात एक छोटं वाचनालय आहे, तिथं बालविभाग म्हणजे एक काचेचं कपाट, त्याच्यासमोर सतरंजी टाकून रविवारी सकाळी मुलांना वाचून दाखवायला सुरुवात केली. चौथी ते सातवीची मुलं, काही झेडपीच्या शाळेतली काही इंग्लिश मीडियमची. इंग्लिश मीडियमची मुलं घरी फर्डं मराठी बोलतात पण पुस्तक हातात दिलं की जोडाक्षराला अडतात आणि मग दोन पानांत कंटाळतात, त्यांच्यासाठी ऐकणं हाच मराठी पुस्तकात शिरायचा रस्ता होता. पण झेडपीची मुलं, जी धडाधड वाचू शकतात, तीसुद्धा ऐकायलाच जास्त आवडीनं बसायची हे मला नंतर कळलं. वाचता येतं म्हणून कुणी वाचून दाखवलेलं नको असतं असं काही नाही, उलट मोठ्या माणसानं आपल्यासाठी तासभर बसून वाचणं ही गोष्टच त्यांना हवी असते.

पहिल्यांदा छोट्या गोष्टी वाचायचे. त्या संपायच्या आणि मुलंही उठून जायची, पुढच्या रविवारी परत यायलाच पाहिजे असं त्यांना काही वाटायचं नाही. म्हणून कादंबरी घ्यायची ठरवली. कपाटात भा. रा. भागवतांचे फास्टर फेणेचे बरेच भाग होते, एकूण वीस पुस्तकं आहेत त्या मालिकेत, आमच्याकडे थोडी कमी, एक-दोघांची कव्हरं गेलेली. 'प्रतापगडावर फास्टर फेणे' घेतलं, कारण प्रतापगड आपल्या सातारा जिल्ह्यातला, मुलांनी नाव तरी ऐकलेलं असणार.

भागवत 1910 चे, 2001 मध्ये गेले, म्हणजे माझ्या वडिलांच्याही आधीच्या पिढीचा माणूस, आणि त्यांचं वाक्य आज जोरात वाचलं तरी कुठंही अडखळत नाही. हे मला घरी सराव करताना लक्षात आलं. (सराव लागतोच, कुणी सांगितलं की मी आयत्या वेळी पुस्तक उघडून वाचते तर माझा विश्वास बसत नाही.) मी आदल्या रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तो भाग एकदा मोठ्याने वाचते, पेन्सिलीनं कुठं थांबायचं तिथं बारीक रेघ मारते, कोण बोलतंय ते समासात एका अक्षरानं लिहून ठेवते म्हणजे आवाज चुकत नाही. भागवतांच्या पुस्तकात हे काम सोपं असतं कारण पानापानावर बोलणं आहे, माणसं सतत काहीतरी बोलत पुढं सरकतात, आणि वर्णन आलं तरी ते पळता पळता येतं. फुरसुंगीचा हा बनेश फेणे, अंगानं काडीपैलवान, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, ताकदीच्या जोरावर तो कुणाला हरवत नाही, डोकं चालवतो आणि पळतो. आणि ते त्याचं 'ट्टॉक्'! ते कसं काढायचं यावरून सतरंजीवर अख्खा एक रविवार गेला. जीभ टाळूला लावून, मग गाल आत ओढून, प्रत्येकाची पद्धत वेगळी. शेवटी असं ठरलं की मी ट्टॉकच्या आधी थांबायचं आणि तो आवाज सगळ्यांनी मिळून काढायचा. त्यानंतर कुणाचं लक्ष उडणं बंदच झालं, कारण ट्टॉक कधी येईल सांगता येत नाही, चुकला तर चुकला.

लेखकानं मुलांना हाताशी द्यायला अशी एक गोष्ट ठेवलेली असते, चांगल्या बालकादंबरीत ती सापडतेच. मी तेव्हापासून पुस्तक निवडताना हेच बघते, की ऐकणाऱ्या मुलाला यात करायला काय आहे.

प्रतापगड वाचताना एका सहावीतल्या मुलानं मागच्या बेंचवर बसून गडाचा नकाशा काढायला घेतला. तो शाळेच्या सहलीला जाऊन आलेला, त्यामुळे त्याला बुरूज कुठं, भवानीमातेचं देऊळ कुठं, शिवाजी महाराजांचा पुतळा कुठं हे सगळं आठवत होतं, आणि दुसरी एक मुलगी, तिचं आजोळ महाबळेश्वरच्या बाजूला, ती म्हणाली तुझा दरवाजा चुकलाय. मग दोघांची जुंपली. वाचनालयातल्या काकांनी गडकिल्ल्यांचं एक पुस्तक काढून दिलं, त्यातला नकाशा समोर ठेवला, त्यावरून मोरोपंत पिंगळ्यांनी गड बांधला, 1659 च्या नोव्हेंबरात खाली अफजलखानाची भेट झाली, हे सगळं मुलांनी स्वतःहून वाचलं. मी इतिहासाचा एक शब्द शिकवला नव्हता. पुढच्या रविवारी तो नकाशा कार्डशीटवर मोठा होऊन आला आणि फेणे आता कुठं आहे ते दाखवायला त्यावर बटण ठेवायचं असं ठरलं, शर्टाचं लाल बटण. ते बटण सरकवायचा मान कुणाला यावरून परत भांडण, मग नंबर लावले.

भागवतांचा हा मोठेपणा मला फार वाटतो. फुरसुंगी खरं आहे, पुणं खरं आहे, प्रतापगड खरा आहे, पोरगं उठून तिथं जाऊन बघू शकतं. साहस करायला परदेशी वाड्यात किंवा जादूच्या देशात जावं लागत नाही, एसटीनं जाता येईल अशा ठिकाणी होतं. आणि उपदेश नाही. त्या काळात मुलांसाठी लिहायचं म्हणजे शेवटी बोधाची पुडी बांधून द्यायची असा सरसकट समज होता, त्यात या माणसानं शेकड्यांनी पानं निव्वळ मजेसाठी लिहिली, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत, त्याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. एका घरात दोन माणसं आयुष्यभर मुलांचं लिहितायत हे चित्रच मला सुखावणारं वाटतं.

वाचून झालं की मी तात्पर्य विचारत नाही, हे पहिल्यापासून ठरवलेलं. त्याऐवजी विचारते की कुठं छातीत धडधडलं, कुठं कंटाळा आला, आणि तू तिथं असतास तर काय केलं असतंस. कंटाळा कुठं आला हे विचारलंच पाहिजे, त्याशिवाय मुलं खरं बोलत नाहीत, त्यांना वाटतं पुस्तकाला चांगलंच म्हणायचं असतं. आणि एकदा मोकळी झाली की असलं बोलतात की मोठ्या समीक्षकानं वहीत लिहून घ्यावं. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, मावशी, हा एवढा कुठं कुठं फिरतो त्याला घरचं कुणी ओरडत कसं नाही? मग सगळे त्यावर. कुणी म्हणालं घरचे जवळ असते तर गोष्टच झाली नसती. मला हे ऐकून अगदी भरून आलं, कारण मुलांच्या साहसकथा लिहिणारे अगदी हेच करतात, आईबाबांना आधी लांब पाठवतात, आणि हे या पोरांनी सतरंजीवर बसून आपलं आपण शोधलं होतं. मुलींनी आणखी एक विचारलं, यात मुली इतक्या कमी का? याला माझ्याकडे खरंच बचाव नव्हता. मी म्हणाले, तेव्हा तसंच लिहायचे, आता आपण मुलीची कादंबरी वाचू.

मग संगीता बर्वे यांची 'पियूची वही' आणली. 2022 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार या पुस्तकाला आहे, रोजनिशीच्या रूपातली कादंबरी. ती वाचायची पद्धत बदलावी लागली. फेणेत मी सगळे आवाज काढायचे, इथं एकच आवाज, एका मुलीचा, तोही स्वतःशी बोलल्यासारखा, म्हणून मी वाचन मुलींकडेच सोपवलं, एका रविवारी एकीनं वाचायचं. त्या पुस्तकानं काय केलं तर वह्या आल्या. कुणालाही वही लिहा म्हणून सांगितलं नव्हतं, पण दोन-तीन मुली आणि एक मुलगा वही घेऊन यायला लागले, मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केलेली, म्हणजे आईनं उघडली तर पुढून गणितं दिसावीत.

ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि 'चिंगी' पण काढून बघितले. माझ्या आवडीची पुस्तकं, पण ती भाषा आता मुलांना थोडी लांबची पडते, वाचताना मधे मधे थांबून सांगावं लागतं आणि सांगायला थांबलं की गोष्ट निसटते. ती पुस्तकं घरी आजी-आजोबांनी वाचून दाखवावीत, त्यांच्या तोंडात ती भाषा अजून आहे.

मोठ्या मुलांसाठी मात्र लंपन घेतला आणि तो अनुभव मी विसरणं शक्य नाही. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास', 1994 सालचं. तशा त्या कथा आहेत, पण सलग वाचल्या तर एका मुलाची कादंबरीच होते. संत म्हणजे इंदिरा संतांचे चिरंजीव, आणि आमच्या कराडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, त्यामुळे इथं जुनी माणसं त्यांना सर म्हणूनच ओळखतात. लंपन मात्र बेळगाव भागातला वाटतो, आजी-आजोबांकडे राहायला आलेला, मराठीत कानडी मिसळलेली बोली. त्यात धडाधड काही घडत नाही. मला भीती होती की फेणेची सवय लागलेली मुलं उठून जातील. सातवीची मुलं गप्प बसून ऐकत राहिली. आईवडील लांब आहेत आणि ते पोरगं त्याबद्दल फारसं बोलतच नाही, फक्त भोवतालचं सगळं बघत राहतं, हे मुलांना बरोबर कळलं. एक मुलगा, त्याचे वडील गल्फमध्ये असतात, तो वाचन संपल्यावर सतरंजी गुंडाळायला मदत करत करत मला म्हणाला, याला घराची आठवण येते ना मावशी, पण तो सांगत नाही. मी हो म्हणाले. तेवढंच बोलणं झालं. त्यापुढं काही बोलायची गरज नव्हती.

आता माझ्या कवितांकडे येते.

कविता मी कॉलेजपासून लिहिते. कराड-पाटण भागाला कवितेचं वेड जुनंच आहे, कवी यशवंत चाफळचे, 'आई म्हणोनि कोणी' लिहिणारे, आणि ते ज्या रविकिरण मंडळात होते त्या मंडळानं 1923 नंतर कविता चालीवर गाऊन लोकांपर्यंत नेली. पुढं विंदा, बापट, पाडगांवकर तिघं मिळून गावोगाव कविता वाचत फिरले, त्या कार्यक्रमांच्या आठवणी आमच्याकडे वयस्क लोक अजून काढतात. म्हणजे कविता लिहायची आणि चार माणसांपुढं म्हणायची ही आपल्याकडची रीतच आहे. मीही कवी कट्ट्यावर जाऊन वाचायचे. तिथं वाहवा मिळायची, टाळ्या मिळायच्या, पण कविता कुठं लंगडते हे कुणी सांगायचं नाही. मोठी माणसं भिडस्त असतात, शिवाय निम्मं लक्ष आपल्या नंबराकडे असतं.

एका रविवारी फेणे ऐन रंगात आलेला आणि कपाटाच्या वरून एक पाल बाहेर आली, ट्यूबच्या खाली येऊन बसली. झालं, फेणे तिकडेच राहिला, सगळी मुलं पालीकडे बघायला लागली. ती डास कसा पकडते ते आम्ही सगळ्यांनी बघितलं, अगदी जीभ बाहेर आलेली दिसली. त्या आठवड्यात ही कविता लिहिली, आता म्हणते ती अशी आहे:

भिंतीवरची पाल म्हणाली,
"दिव्याखाली मजा निराळी,
डास बिचारे चालुन येती
जेवण आयतं संध्याकाळी!"

"शेपुट तुटलं, रडलिस नाही?"
"नवीन येतं, घाई नाही!
पेन्सिल तुटली, रडतो बंटी
त्याला सांगा, काही नाही!"

आजी म्हणते, "शुकशुक, जा ना!"
आई म्हणते, "झाडू आणा!"
पाल म्हणाली, "चुकचुक चुकचुक,
मला घरातली एक म्हणा ना!"

पहिल्या खर्ड्यात तिसरी ओळ वेगळी होती, 'किडे आपले आपण येती' अशी. चाल सोळा मात्रांची, आठ-आठचे दोन तुकडे, पादाकुलक म्हणतात त्याला, मुलांच्या कितीतरी गाण्यांची हीच चाल आहे कारण ती टाळीत बसते. कागदावर मोजलं तर माझी ओळ चोख होती, कि एक, डे दोन, आ दोन, प एक, ले दोन, आठ भरतात. पण मुलं म्हणायला लागली की त्या जागी धडपडायची. दोन-तीनदा झाल्यावर मी नुसते त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि लक्षात आलं की 'आपले' असं कुणी म्हणतच नाही, सगळे 'आप्ले' म्हणतात, एक मात्रा तिथंच गळते, टाळी रिकामी पडते. मग एक मुलगी ती जागा भरायला 'आप्ले आप्ले' असं दोनदा म्हणायला लागली, आणि मग टाळी जास्त व्हायची! घरी येऊन 'डास बिचारे चालुन येती' केलं. तिकडे 'जेवण आयतं' मोजायला गेलात तर नऊ भरतात, छंदशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे चूक आहे, पण तोंडात 'आय्तं' होतं आणि आठच लागतात, मुलं एकदाही अडली नाहीत, म्हणून ते तसंच ठेवलं. 'घरातली'चंही तेच. मुलांच्या कवितेत मात्रा बोटावर मोजून भागत नाही, मुलांच्या तोंडावर मोजायला लागतात, हे मला कुठल्याही कवी कट्ट्यावर कळलं नसतं.

विंदांची 'एटू लोकांचा देश' मी त्यानंतर परत काढून मोठ्याने वाचली आणि थक्क झाले. इतकी वर्षं मी त्यातली गंमत बघत होते, कल्पना बघत होते, या वेळी कान लावून ऐकलं तर मराठी बोलताना शब्द जिथं आखडतात तिथं ते बरोबर आखडलेले, एकही ओळ मुलाला ओढून म्हणावी लागत नाही. एवढा मोठा कवी, ज्ञानपीठ मिळालेला, आणि मुलांच्या ओळीवर ही मेहनत. ज्याला बालकविता म्हणजे सोपं काम वाटतं त्यानं विंदांची एक कविता घेऊन तशी दुसरी लिहून बघावी.

पालीवर मुलांचे आक्षेप पण आले. एक म्हणाला आमची आजी शुकशुक नाही करत, पाल चुकचुकली की ती बोटानं जमिनीवर टकटक करते आणि कृष्ण कृष्ण म्हणते. दुसऱ्यानं विचारलं नवीन शेपटीत हाड असतं का. ते मला माहीत नव्हतं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, पुस्तकात बघितलं, नवीन शेपटीत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते, म्हणजे आपल्या कानाची पाळी सोडून वरचा भाग कसा वाकतो तसलं काहीतरी. पुढच्या रविवारी सगळे आपापले कान वाकवून बघत होते. शेवटची ओळ मुलांना तीनदा म्हणायची असते, प्रत्येक वेळी आवाज कमी करत. हे मी लिहिलेलं नाही, त्यांनीच पाडलं, आता ते कवितेचाच भाग आहे.

सगळ्याच कविता अशा लागल्या असं नाही. पावसावर एक लिहिली होती, आयांना खूप आवडली, एकीनं तर स्टेटसला ठेवली, पण मुलं ऐकून नुसती बसली. म्हणजे ती पावसाची आठवण काढणाऱ्या मोठ्या माणसाची कविता होती. चांगली आहे, वहीत ठेवलीय, पण सतरंजीवर परत नेली नाही. हा फरक करता यायला लागला तो कादंबऱ्या वाचून दाखवल्यामुळंच, कारण रविवारामागून रविवार मी त्यांचे चेहरे बघत वाचत होते, कुठल्या वाक्याला अंग पुढं येतं आणि कुठल्या वाक्याला हात सतरंजीचे धागे उपटायला लागतो हे डोळ्यांना सवयीचं झालं होतं. जी गोष्ट समोर दिसते, हलते, बोलते, तिथं ती येतात. 'मला बालपण आठवतं' असल्या वाक्याला ती येत नाहीत, आणि का यावीत, ती बालपणातच आहेत.

कविता पुढं कशी गेली तर, आधी मुलांनी चित्रं काढली, मग आम्ही चार पानांची झेरॉक्स पुस्तिका केली, मधे स्टेपल मारून, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मुलांनीच पाल म्हणून दाखवली, पाल झालेली मुलगी टेबलावर हातपाय पसरून बसलेली. त्या कार्यक्रमाला जवळच्या वाडीवरच्या झेडपी शाळेतले गुरुजी आलेले, ते पुस्तिका घेऊन गेले आणि परिपाठाला मुलांकडून म्हणून घ्यायला लागले. एकदा त्यांनी फोनवर ऐकवलं, साठ-सत्तर मुलं एका सुरात 'काही नाही!' म्हणतायत. एका अंकाकडेही पाठवली होती, तिकडून हो नाही काहीच कळलं नाही, दोनदा आठवण केली मग सोडून दिलं. जे कविता लिहून छापून येण्याची वाट बघत बसतात त्यांना मी मनापासून सांगते, अंकाला जरूर पाठवा पण त्यासाठी मुलांना थांबवून ठेवू नका. जवळच्या शाळेत जा, परिपाठाला दहा मिनिटं मागा, बहुतेक शिक्षक आनंदानं देतात.

आणि ज्यांना मुलांच्या कविता लिहायच्यात त्यांनी 'किशोर'चे जुने अंक बघाच. बालभारतीनं 1971 पासून काढलेलं मासिक, जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत. मी रात्री मोबाईलवर एकेक अंक उघडते आणि कविता पुटपुटत वाचते. कुणाची ओळ कुठं वळते, चित्रकारानं कवितेला किती जागा सोडलीय, शिकायला केवढं आहे.

सध्या वह्यावाली मुलं स्वतःचं लिहून आणतात. त्यासाठी वाचनानंतरची शेवटची पंधरा मिनिटं ठेवलीत. नियम एकच, वाचणाऱ्यानं उभं राहून वाचायचं आणि ऐकणाऱ्यांनी छान म्हणायचं नाही, तर काय दिसलं ते सांगायचं. सहावीतल्या एका मुलीनं गिरणीवर कविता आणली होती, दळणाच्या डब्यावर बसून नंबराची वाट बघणारी, इतकी नेमकी, की मला हेवा वाटला. तिची कविता मी इथं देणार नाही, ती तिची आहे, ती कुठं वाचायची ते ती ठरवेल. पण तिच्या दुसऱ्या कडव्यात मुलं अडखळली, आणि तिनं स्वतः पेन्सिल घेऊन तिथंच उभ्या उभ्या शब्द बदलला, परत वाचलं, परत बदलला, तोवर बाकीचे टाळी धरून थांबले होते.

पुढच्या महिन्यात व्हर्न घ्यायचाय, भागवतांचा 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. धूमकेतूवर बसून निघालेली माणसं आहेत म्हटल्यावर मुलांनी आत्तापासून काळी कार्डशीट आणून ठेवलीय, त्यावर सूर्यमाला काढायचीय आणि लाल बटण या वेळी अंतराळात फिरणार आहे. माझी एक प्रत आहे तिची शिवण सुटलीय, त्यामुळे वाचताना पानं हातात येतात, दुसरी प्रत मिळतेय का बघतेय. आणि मुली मुख्य पात्र असलेली, नऊ ते बारा वयाला चालेल अशी, मोठ्याने वाचायला रसाळ मराठी कादंबरी तुमच्या माहितीत असेल तर नाव नक्की कळवा, मुलींनी यादी मागितलीय आणि माझ्या यादीत अजून फार कमी नावं आहेत.